काळ्या दोऱ्याची बाटली

सावळागीर महाराजांचे नाव घेऊन सांगतो. मागच्या ओळीतल्या मायबहिणींनी जरा पुढे सरकावे, कारण ही गोष्ट तुमची आहे. पुढे बसलेल्या शहाण्यांनी थोडे सबुरीने घ्यावे, कारण ती तुमचीही आहे.

त्या काळी महाराजांचा मुक्काम बालाघाटाच्या डोंगरात तळेसांगवीला होता. गाव ओढ्याकाठचे, शंभर-सव्वाशे उंबऱ्यांचे. मठ म्हणावा तर एक धाब्याची खोली आणि तिच्यापुढे लांबलचक पडवी. महाराज येण्याआधी त्या पडवीत गावची गुरे बसत. महाराजांनी गुरांना पलीकडे मांडव घालून दिला आणि पडवीत आजारी माणसांना जागा केली.

त्याचे झाले असे. तालुक्याचे डॉक्टर सखदेव एकदा दर्शनाला आले आणि पायाला हात लावून म्हणाले, महाराज, काही सेवा सांगा. लोक असे म्हणतच असतात. महाराजांनी मात्र त्यांचे बोलणे खरे धरले. म्हणाले, दर शनिवारी पेटी घेऊन या, आणि ज्याच्याजवळ द्यायला काही नाही त्याला आधी तपासा. डॉक्टर बोलून बसले होते, म्हणून पहिले चार शनिवार आले. पाचव्या शनिवारी ओढ्याला पूर होता, तरी आले. पुढे कुणी विचारले की ते म्हणत, माझा आठवडा आता शनिवारीच सुरू होतो.

पण शनिवार आठवड्यातून एकदा येतो आणि ताप काही वार बघून येत नाही. तेव्हा महाराजांनी गावाला पाळ्या लावल्या. सुताराने कपाट करून दिले आणि हातपाय मोडलेल्यांसाठी लाकडी पट्ट्या तासल्या. तेल्याने दिव्याचे तेल अंगावर घेतले. जखमांवर बांधायच्या पट्ट्यांसाठी कोष्टी जुनी धोतरे-लुगडी आणून देत, कुंभार मडकी देई. रोज दोन घरांतून दोन माणसे येत. पाणी उकळत, जखमा धूत, डॉक्टरांनी सांगितलेले औषध वेळेवर पाजत. नियम एकच होता. जो इथे बरा झाला, त्याने एक दिवस इथे येऊन बसायचे आणि दुसऱ्याचे करायचे. त्यानंतर तो मोकळा. पुष्कळ जण मोकळे होऊनही येत राहिले, हे सांगायला हवे.

अडचण एवढीच की, या माणसांना वाचता येत नव्हते. बाटल्यांवर कागद चिकटवलेले होते, पण ते डॉक्टरांनाच कळायचे. मग महाराजांनी प्रत्येक बाटलीच्या गळ्याला दोरा बांधला. हिवतापाचे औषध म्हणजे क्विनाईन, त्याला पांढरा. पोटदुखीला हिरवा. खोकल्याला पिवळा. आणि सांधे धरलेल्यांना चोळायला बचनागाचा अर्क होता, त्याला काळा. बचनाग म्हणजे जहर. बाहेरून चोळला तर गुण, पोटात गेला तर माणूस उरत नाही. पोरांनी चुकूनही तोंडाला लावू नये म्हणून डॉक्टरांनी त्या अर्कात कडू कवंडळाचा रस मिसळला होता. पाळीला येणाऱ्या प्रत्येकाला महाराज पहिल्या दिवशी एकच वाक्य पाठ करायला लावत: काळा दोरा पोटात नाही. सगळा कारभार त्या चार दोऱ्यांवर चालला होता आणि दोन वर्षे बिनचूक चालला.

त्या पाळीकऱ्यांत सोजरबाई नावाची परटीण होती. नवरा मागेच वारलेला, मूलबाळ नाही. दोन वर्षांपूर्वी तिला हिवतापाने धरले होते, दातखीळ बसेपर्यंत वेळ आली होती, आणि पांढऱ्या दोऱ्याच्या बाटलीने ती वाचली. नियमाप्रमाणे एक दिवस बसायला आली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभी राहिली. महाराज म्हणाले, "माय, तुझा दिवस झाला." ती म्हणाली, "बाबा, घरी बसून तरी काय करू? हितं निदान कुणाला तरी माजी गरज हाय." तेव्हापासून पट्ट्या उकळणे, धुणे, वाळवणे हे तिचे काम. तिच्या हातची पट्टी इतकी पांढरी असे की, डॉक्टर म्हणत, शहरातल्या दवाखान्यात मला अशी बघायला मिळत नाही.

आता दुसऱ्या माणसाकडे वळू. गावात विश्वंभरशास्त्री नावाचे वैद्य होते. विद्या अस्सल, नाडीवर बोट ठेवले की, काल काय जेवलात तेही सांगत, अशी त्यांची ख्याती. पण विद्येबरोबर ताठाही भरपूर. मठातला दवाखाना त्यांच्या डोळ्यांत सलत होता. पारावर बसून ते म्हणत, फुकटच्या औषधाला गुण नसतो. म्हणत, आम्ही बारा वर्षे गुरूघरी काढली, आणि आता परटीण औषध पाजणार, मग आम्ही काय धुणी धुवावीत? लोक हसत. सोजरबाई रस्त्याने जाताना दिसली की हाक मारत, "काय गं सोजरे, आज कुणाला धुऊन वाळत घातलंस?" ती पदर सावरून खाली मान घालून निघून जाई.

खरे सांगायचे तर शास्त्रीबुवांचे सगळेच म्हणणे चूक नव्हते. जहर आणि औषध एका कपाटात, आणि किल्ली निरक्षर माणसाच्या हाती, याची काळजी कुणालाही वाटावी. महाराजांनाही ती होतीच. त्यांनी दोनदा शास्त्रीबुवांना निरोप पाठवला होता की, आठवड्यातून एक दिवस येऊन बसा, या बायाबापड्यांना चार गोष्टी शिकवा. शास्त्रीबुवांनी निरोप्याला दारातूनच परत लावले. काळजी वाटणे वेगळे आणि काळजी घेणे वेगळे, एवढाच काय तो फरक.

आश्विन वद्य त्रयोदशी आली. धनत्रयोदशी म्हणजे धन्वंतरीचा दिवस. वार गुरुवार. महाराज पहाटेच तीन कोसांवरच्या उंबरखेडीला गेले होते. त्या गावालाही असाच दवाखाना हवा होता, आणि तिथल्या घरांना पाळ्या लावून द्यायच्या होत्या. दिवाळी तोंडावर, त्यामुळे मठात पाळीला सोजरबाई एकटीच होती.

तिच्या मनात आले, आज लोक तिजोरीची पूजा करतात, वैद्य खलबत्त्याची करतात. आपल्या कपाटाची पूजा कोण करणार? हे कपाट नसते तर आपण आज नसतो. झाले! बाई उठली. सगळ्या बाटल्या ओळीने पडवीत मांडल्या. जात परटाची, अर्धेमुर्धे काम तिला ठाऊक नाही. राख आणि चिंच लावून एकेक बाटली अशी घासली की काच चमकायला लागली. कागद पाण्याने सुटून गेले. ते तिला कधी कळतच नव्हते, त्यामुळे त्यांचे काही वाटले नाही. दोरे मळून कळकट झाले होते. देवापुढे मळके दोरे कसे ठेवायचे? तिने ते कापून टाकले. बाटल्या कपाटात परत लावल्या, हळदकुंकू वाहिले, धूप-कापूर जाळला, आणि सत्यनारायणाच्या कलशाला बांधतात तसा लाल-पिवळा नाडा प्रत्येक बाटलीच्या गळ्यात नवा कोरा बांधला. मग हात जोडून उभी राहिली. तिला फार बरे वाटले.

भक्तीत माणसाचे असे होते. यात हसण्यासारखे काही नाही.

नेमके त्याच वेळी शास्त्रीबुवा तट्टावर बसून मठावरून चालले होते. त्यांना उंबरखेडीलाच जायचे होते. महाराज तिथे दवाखाना काढायला निघाले आहेत हे कळल्यावर चार लोकांसमोर त्यांना आडवे जावे, असा बेत होता. कापराचा वास आला म्हणून त्यांनी तट्टू थांबवले आणि पडवीत डोकावून पाहिले. उघडे कपाट दिसले, चकचकीत बाटल्या दिसल्या, एकसारखे नाडे दिसले, आणि खाली केरात पडलेले पांढरे, हिरवे, पिवळे, काळे दोरे दिसले. हुशार माणूस. एका नजरेत सगळे त्यांच्या ध्यानात आले. सोजरबाईने त्यांना पाहून नमस्कार केला. ते हसले, आणि काही न बोलता तट्टू पुढे हाकले. वाटेत त्यांना मोठी खुशी झाली असणार. उंबरखेडीत सांगायला याहून चांगले काय मिळणार होते?

दुपार टळली. दिवस कलताना मल्लप्पा वडार बायकोला पाठीवर घेऊन मठात आला. सडकेच्या कामावर खडी फोडणारी ही माणसे, गावाबाहेर पाल ठोकून राहिलेली. बायकोचे नाव यल्लम्मा. तीन महिन्यांचे तान्हे पोर मल्लप्पाने धोतराच्या झोळीत बांधले होते. यल्लम्माला तीन दिवसांपासून थंडी वाजून ताप येत होता. आज ताप मस्तकात गेला होता. ती डोळे फिरवत होती आणि पोराला ओळखत नव्हती. आधी तो शास्त्रीबुवांच्या दारी गेला होता. घरच्यांनी सांगितले, बुवा गावाला गेलेत, उद्या ये.

सोजरबाईने हात लावून पाहिले. ताप ओळखीचा होता, तिच्या स्वतःच्या अंगातून गेलेला. तिने यल्लम्माला घोंगडीवर निजवले, कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि औषध काढायला कपाटाकडे गेली. कपाट उघडले आणि तिचा हात तसाच राहिला.

चार बाटल्या. चारही तपकिरी. चौघींच्या गळ्यात एकच नाडा.

मल्लप्पा म्हणाला, "बाई, दे ना गं औषध." तेव्हा ती भानावर आली. आपल्या हाताने काय झाले ते तिने त्याला जसेच्या तसे सांगितले, एक शब्द लपवला नाही. डॉक्टर चौदा कोसांवर, ते परवा येणार. महाराज उंबरखेडीला, माणूस पाठवला तरी जाऊन येईपर्यंत मध्यरात्र. यल्लम्माच्या हातापायांना आता झटके येऊ लागले होते. झोळीतले पोर भुकेने रडत होते. आईचे दूध त्याला सकाळपासून मिळाले नव्हते.

सोजरबाईने वास घेऊन पाहिला. सकाळच्या कापराने तिचे नाक भरले होते. मग तिने बाटल्या चाखायला घेतल्या. एकीचे औषध ओव्याचे, तिखट, ती पोटदुखीची. एक गोडसर, ज्येष्ठमधाची, ती खोकल्याची. त्या दोन बाजूला ठेवल्या. उरलेल्या दोन तिने जिभेला लावून थुंकून पाहिल्या. दोन्ही कडूजहर. एकीत यल्लम्माचा जीव, दुसरीत मरण, आणि जिभेला फरक कळेना.

तिने दोन्ही बाटल्या खाली ठेवल्या, महाराजांच्या रिकाम्या आसनाकडे तोंड केले आणि म्हणाली, "बाबा, चूक माजी हाय. तिची न्हाई." मग पळी घेतली आणि मल्लप्पाला म्हणाली:

"नीट ऐक. ही बाटली म्या पिते, पळीभर. म्या पडले तर दुसरी तिला पाज. न्हाई पडले तर हीच पाज. माझ्याकडं बगत बसू नको, तिला पाजून मग बग."

मल्लप्पाने तिचा हात धरला. तिने तो सोडवला आणि पळी तोंडाला लावली.

आधी काहीच झाले नाही. मग जिभेला मुंग्या आल्या. ओठ बधिर झाले, घसा आखडला, आणि बोटांच्या टोकांतून गार पाणी चढावे तसे काही हातांत चढू लागले. क्विनाईन तिने घेतलेले होते. ते असे करत नाही. तिला कळले. तिने ती बाटली लांब सारली, पळी धुऊन दुसरीतून स्वतःच भरली, मल्लप्पाला यल्लम्माचे तोंड उघडायला लावले आणि औषध पाजले. एक थेंब सांडू दिला नाही. मग भिंतीला टेकून बसली. तिला वाटले, आपले झाले. दुःख असे काही वाटले नाही, फक्त उद्या पट्ट्या कोण उकळणार असे मनात आले, असे तिने पुढे सांगितले.

इकडे उंबरखेडीत काय चालले होते, ते ऐका.

मारुतीच्या देवळापुढे गाव जमले होते. पाळ्या ठरत आल्या होत्या. बारा घरांनी नावे दिली होती. तेवढ्यात शास्त्रीबुवा उठले आणि बोलायला लागले. गुरूवाचून विद्या, दामावाचून औषध, सगळे काढले. शेवटी खिशातला हुकमी पत्ता टाकावा तसे म्हणाले, "आणि हे ऐका. आज तळेसांगवीच्या दवाखान्यात जहर आणि औषध यांच्या गळ्यात एकच नाडा आहे. त्या परटिणीनं पूजा म्हणून सगळे दोरे कापून टाकलेत. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आलो. असल्या लोकांच्या हाती तुम्ही तुमची लेकरं देणार का?"

लोकांत कुजबुज सुरू झाली. नावे दिलेल्यांपैकी दोघेतिघे उठले. महाराज शांत बसले होते. त्यांनी विचारले:

"शास्त्रीबुवा, तुम्ही पाहिलंत ते कधी?"

"सकाळी. येताना."

"तिला सांगितलंत?"

शास्त्रीबुवांनी उपरणे सावरले. मग म्हणाले की, विचारल्यावाचून सल्ला देणे हे वैद्याचे काम नव्हे. देवळात कुणीतरी दिवा लावत होते. महाराजांनी तळेसांगवीच्या दिशेला पाहिले, डोळे मिटले आणि अगदी हळू म्हणाले, "बस माय, पुरे. आता माझ्याकडे दे."

समोरच्यांना वाटले, महाराज ध्यानात बोलत आहेत. पण बघता बघता त्यांच्या ओठांचा रंग गेला. तोंडातून लाळ गळू लागली. ते काही बोलू पाहत होते आणि जीभ वळत नव्हती. हात कोपरापर्यंत गार पडले. शास्त्रीबुवा लोकांना बाजूला सारत पुढे झाले. ताठा असेल नसेल, वैद्य तो वैद्य. त्यांनी नाडी धरली, पापणी वर करून पाहिली, जिभेला बोट लावले आणि त्यांचाच चेहरा उतरला. अशी लक्षणे त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिली होती आणि दोन्ही वेळा माणूस गेला होता.

"हा बचनाग आहे," ते म्हणाले. "महाराजांना काय खायला दिलं?"

कुणी काही दिले नव्हते. एकादशीपासून महाराजांचा उपवास होता, सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. आणि गेल्या घटकाभरात त्यांच्यापुढे हातभर अंतरावर कोण बसले होते, तर शास्त्रीबुवाच. त्यांच्या डोळ्यांसमोर महाराजांनी काही तोंडात घातले नव्हते. मग हे जहर आले कोठून?

विचार करायला वेळ नव्हता. शास्त्रीबुवांनी गाईचे तूप मागवले, बचनागावर उतारा म्हणून आपल्या बटव्यातला टाकणखार काढला, दोन्ही मिळून महाराजांच्या घशात उतरवले. अंगावर चार घोंगड्या घातल्या, विस्तव जवळ आणला. तळपाय चोळायला कुणी बसले तर त्याला उठवून स्वतः बसले. पुष्कळ वेळाने नाडी हाताला लागली. महाराजांनी डोळे उघडले. जीभ अजून जड होती, शब्द अर्धेच उमटत होते. ते म्हणाले, "बुवा, गावी जा. तिला विचारा, काय प्यायली."

पहाट फुटायची वाट पाहून शास्त्रीबुवा तट्टावर बसले. तीन कोसांची ती वाट त्यांना कधी एवढी लांब वाटली नव्हती.

मठात पोचले तेव्हा ऊन पडवीत आले होते. यल्लम्मा भिंतीला टेकून बसली होती आणि पोर तिच्या पदराखाली चुरूचुरू पीत होते. ताप उतरला होता. मल्लप्पा चुलीत लाकडे सारत होता. आणि सोजरबाई, जिला शास्त्रीबुवा मनातून मेलेली धरून आले होते, ती दोरीवर पट्ट्या वाळत घालत होती.

त्यांनी विचारले. तिने बाटली दाखवली, पळी दाखवली. शास्त्रीबुवांनी बाटलीतला एक थेंब करंगळीवर घेऊन जिभेला लावला, लगेच थुंकले आणि तीन चुळा भरल्या. शंकाच नव्हती. पळीभर बचनाग म्हणजे दोन धट्टेकट्टे पुरुष आडवे करणारा. त्यांनी विचारले, कधी घेतलास? ती म्हणाली, दिवेलागणीला. जिभेला मुंग्या आल्या, हात गार पडले, म्या भिंतीला टेकले, म्हटलं आता चालले. आणि मग कुणीतरी अंगावरचं ओझं उचलून घ्यावं तसं समदं एकदम गेलं. बाबांनी हाक मारल्यासारखं वाटलं.

दिवेलागण. शास्त्रीबुवा पडवीच्या पायरीवर बसले. तळेसांगवीचे लोक म्हणत होते, सोजर दैवाने वाचली. उंबरखेडीचे लोक म्हणत होते, महाराजांना झपाटले होते. तिथल्यांना इथले ठाऊक नव्हते आणि इथल्यांना तिथले. दोन्ही टोके हातात असलेला माणूस त्या पंचक्रोशीत एकच होता, आणि जहर ओळखण्याइतकी विद्याही त्याच्याजवळच होती. आता कुणी म्हणेल, योगायोग असेल. म्हणोत बापडे. शास्त्रीबुवांना तसे म्हणायला देवाने जागा ठेवली नव्हती.

दुपारी उंबरखेडीकरांनी महाराजांना बैलगाडीत घालून आणले. चेहरा ओढलेला होता, पण डोळे हसरे. पडवीत गाव गोळा झाले. शास्त्रीबुवा सकाळपासून घरी गेले नव्हते. ते महाराजांच्या पायांकडे वळले, तेव्हा महाराजांनी पाय मागे घेतले आणि नुसते सोजरबाईकडे पाहिले. शास्त्रीबुवांना समजले. आधी काय करायचे राहिले आहे, ते त्यांना कालपासून ठाऊक होते.

ते सोजरबाईसमोर जाऊन उभे राहिले. सगळ्या गावादेखत म्हणाले:

"सोजरबाई, काल सकाळी मी इथं थांबलो होतो. दोरे कापलेले मी पाहिले. काय होणार हे मला तेव्हाच कळलं होतं. एक शब्द बोललो असतो तर तुम्हाला ती पळी प्यावी लागली नसती. मी बोललो नाही."

लोकांना वाटले, आता बाई तोंड सोडणार, आणि तिने सोडलेही असते तर कुणी तिला अडवले नसते. सोजरबाई बावरून गेली. या माणसाने तिला पहिल्यांदाच अहो-जाहो केले होते. ओले हात पदराला पुसत म्हणाली:

"व्हय, तुमी थांबला व्हता. हसलासुदिक. मला वाटलं, पूजा आवडली तुमाला. तुमी शिकलेलं माणूस, तुमाला आवडली म्हनून दिसभर बरं वाटत व्हतं मला."

शास्त्रीबुवांना ते सोसले नाही. त्यांनी डोक्यावरची पगडी काढून खाली ठेवली, आणि धुण्याच्या पाण्याने ओल्या झालेल्या त्या जमिनीवर, परटिणीच्या पायांशी, कपाळ टेकले. सोजरबाई "अगंबाई, हे काय, उठा, उठा" म्हणत मागे मागे सरली, ती महाराजांच्या आसनाला जाऊन टेकली. मग शास्त्रीबुवा तसेच पुढे सरकले आणि त्यांचे डोके महाराजांच्या पायांवर आले. या वेळी महाराजांनी पाय मागे घेतले नाहीत. त्यांनी शास्त्रीबुवांच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला. मोठा माणूस हमसून हमसून रडत होता. आज त्याला हसायला पारावर कोणी नव्हते.

शनिवारी डॉक्टर सखदेव आले, तेव्हा शास्त्रीबुवांनी आपला गुरुवार मागून घेतला. पुढची एकोणीस वर्षे त्यांचा गुरुवार चुकला नाही. उंबरखेडीतही दवाखाना निघाला. उठून गेलेली ती दोनतीन माणसेही परत आली.

महाराजांची प्रकृती सुधारली, पण जिभेची चव गेली ती गेलीच. गोड, तिखट, कडू, त्यांना शेवटपर्यंत काही कळले नाही. पंगतीला बसले की आमटीत मीठ आहे की नाही हे ते शेजारच्याला विचारत. शेजारी बहुधा शास्त्रीबुवा असत. ते आपल्या पानातली आमटी बोटाने चाखत आणि म्हणत, आहे महाराज, बरोबर आहे. मग महाराज जेवायला सुरुवात करत.